सातवा रकाना

"मुलगा सांभाळतो का, हे आईला विचारायचं नसतं, घराला विचारायचं असतं," असं बाई एकदा म्हणाल्या होत्या. मंत्रालयाच्या तळमजल्यावर, मोडक्या खुर्च्या रचून ठेवायचे त्या खोलीत, नव्याने लागलेल्या अकरा तपासनिसांसमोर. दहाजणांनी ते वाक्य मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं. अकराव्याने हात वर केला.

"पण बाई, घर सही कुठे करणार?"

खोलीत हशा पिकला. बाईही हसल्या. पोरगं चुणचुणीत आहे, पुढे जाईल, असं त्यांच्या मनात आलं. आणि ते खरोखरच पुढे गेलं. अठरा वर्षांत चार मजले चढून ते उपसचिव झालं. बाई तळमजल्यावरच राहिल्या.

त्यांचं काम घरभेटीचं. एखाद्या म्हाताऱ्या बाईने मदतीसाठी अर्ज केला, की तो अर्ज खिडकीतून आत येऊन, तीन टेबलांवर लोळून शेवटी बाईंच्या टेबलावर यायचा. मग बाई खांद्याला पिशवी लावून निघायच्या. शहराच्या उत्तरेचा सगळा भाग त्यांच्याकडे होता: गिरणीमागच्या खोल्या, रेल्वेच्या भिंतीला टेकलेली घरं, आणि ज्यांचे जिने दिवसाही काळोखे असतात अशा चार-चार मजली इमारती. अठ्ठावीस वर्षं त्या हे जिने चढल्या. गुडघे गेले, पण कोणत्या इमारतीत कितवी पायरी फुटकी आहे हे पायांना पाठ होतं.

घराला विचारायचं म्हणजे काय, हे त्यांनी त्या वर्गात नीट समजावलं होतं. दाराशी पुरुषाचे बूट दिसतील. चांगले पुसलेले, नाडी बांधलेली. आई म्हणेल, आत्ताच गेला, दुसरे घालून गेला. तुम्ही खाली बसल्याचं निमित्त करून एक बूट उलटा करा. तळ कोरा असेल आणि आत धूळ असेल, तर समजा की त्या बुटात पाय गेला नाही कधी. कप किती आहेत ते बघू नका, कप कितीही असतात. कोणत्या कपाचा कान झिजलाय ते बघा. औषधाच्या बाटलीवर तारीख असते. खाटेवरच्या गादीला एकाच अंगाचा खड्डा असतो. घर खोटं बोलत नाही, कारण घराला कोणाची अब्रू राखायची नसते.

ही अब्रू म्हणजे सातवा रकाना. तो कुठून आला, हे सांगायचं तर मंत्रालयाचा सगळा इतिहास सांगावा लागेल, आणि तो बाईंना तोंडपाठ होता, कारण लिहून ठेवणारं दुसरं कोणी नव्हतं.

सुरुवातीला मंत्रालय नव्हतंच. मोठ्या साथीच्या वर्षी जन्ममृत्यूच्या कचेरीमागे दोन खोल्या उघडल्या गेल्या. एक अधिकारी, एक कारकून, एक घंटा. बाहेर फळ्यावर नाव होतं, निराश्रित साहाय्य विभाग. साथीत ज्यांचं कोणी उरलं नाही ते पुढच्या कचेरीत मृत्यूची नोंद करायचे आणि मागच्या दाराने ह्या खोल्यांत यायचे. वळसाही पडायचा नाही. अर्ज अर्ध्या पानाचा. नाव काय, वय काय, झोपता कुठे, शेवटचं पोटभर कधी जेवलात. कारकून ऐकायचा, लिहायचा, घंटा वाजवायचा. पुढचा.

साथ गेली, विभाग राहिला. त्याचं समाजकल्याण मंत्रालय झालं. मग समाजकल्याण व पुनर्वसन. मग कुटुंब हा शब्द आला, मग सन्मान आला. आता पाटीवर नाव मावत नाही म्हणून ती दोन ओळींची केली आहे, आणि दुसरी ओळ झाडाच्या फांदीमागे जाते. नाव बदललं की शिक्के बदलायचे. भांडारात जुन्या शिक्क्यांची एक पेटी होती. बाई कधीतरी ती उघडून एकेक शिक्का कोऱ्या कागदावर उमटवून बघायच्या. नाव लांबत गेलं तसं काहीतरी आखूड होत गेलं होतं. काय, ते त्यांना नेमकं सांगता यायचं नाही.

बाई नोकरीला लागल्या त्याच्या आदल्या वर्षी एका मंत्र्याने भरसभेत म्हटलं, "ज्या देशात मुलगा आईला वाऱ्यावर सोडतो, तो देश आपला नव्हे." टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणतात. टाळ्या थांबायच्या आत कोणातरी हुशार माणसाने ह्याचा अर्थ लावला: देश आपला असेल, तर मुलगा सांभाळतच असणार; आणि मुलगा सांभाळत असेल, तर मंत्रालयाने कशाला सांभाळायचं? तीन महिन्यांत अर्जावर सातवा रकाना छापून आला.

मुलगा सांभाळतो का?

खाली बारीक टायपात सूचना. अर्जदाराचे उत्तर अर्जदाराच्याच शब्दांत लिहावे. उत्तर "सांभाळतो" असे असल्यास अर्ज निकाली काढावा. अर्जदार गप्प राहिल्यास तपासनिसाचे मत ग्राह्य धरावे.

मुलगी सांभाळते का, असा रकाना नव्हता. तो कधीच आला नाही.

पहिली दोन वर्षं बाईंनी नियमाला धरून काम केलं. डोळ्यांत तेल घालून घर बघायचं आणि मग कान देऊन उत्तर लिहायचं. घर एक सांगायचं, आई दुसरं सांगायची, आणि लिहायचं आईचं. बूट उलटा करून झालेला असायचा, गादीतला एकटा खड्डा दिसलेला असायचा, आणि समोरची म्हातारी भांडं उचलून दुसऱ्या जागी ठेवत म्हणायची, "सांभाळतो तर! न सांभाळायला काय झालं? कामाचा व्याप मोठा आहे त्याला." बाई लिहायच्या, सांभाळतो. अर्ज निकाली.

त्यांतली एक धुलाईच्या दुकानात इस्त्री करणारी होती. दोन्ही मनगटांवर जुने डाग, आवाज खणखणीत. "माझा मुलगा? अहो, हिऱ्यासारखा आहे." चार महिन्यांनी त्याच इमारतीत दुसऱ्या भेटीला गेल्यावर बाईंनी सहज वर नजर टाकली. तिसऱ्या मजल्यावरचं दार बंद होतं. शेजारीण म्हणाली, गेली ती. थंडीत गेली. चौथ्या दिवशी कळलं. मुलाला कळवायचं तर त्याचा पत्ता कोणाकडेच नव्हता, शेवटी धुलाईवाल्यानेच सगळं केलं.

बाई त्या दिवशी कचेरीत परत आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या आणि दिवसभराचे चार अर्ज पुरे केले. चारही आया "सांभाळतो" म्हणाल्या होत्या. चारही अर्जांवर सातव्या रकान्यात बाईंनी लिहिलं, अर्जदार गप्प राहिली. आणि खाली, तपासनिसाचे मत: मदत आवश्यक.

इतकं सोपं होतं ते. त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. कोणीतरी विचारेल, असं वाटलं होतं. कोणी विचारलं नाही. पुढची सव्वीस वर्षं कोणी विचारलं नाही.

आया खोटं का बोलतात, हे मात्र बाईंना कोणी शिकवायला नको होतं. ते त्यांच्या घरातच राहत होतं.

बाईंचं लग्न चार वर्षांत मोडलं, मूलबाळ नव्हतं, दोन खोल्यांचं घर होतं. वडील गेल्यावर आई त्यांच्याकडे आली. दादा, म्हणजे बाईंचा थोरला भाऊ, त्याच शहरात दक्षिणेला राहायचा. तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी असलेल्या घरात. तो आईला स्टेशनवरून थेट बाईंकडे सोडून गेला. "थोडे दिवस ठेव गं. रंगाचं काम काढलंय."

आई एकोणीस वर्षं राहिली.

आणि एकोणीस वर्षं ती पाहुणी म्हणून राहिली. तिची बॅग खाटेखाली भरलेली असायची. दोन कपडे बाहेर, बाकी आत. डॉक्टर घरी आले की त्यांना सांगायची, "मी इथे चार दिवसांसाठी आलेय, माझा मुलगा सांभाळतो मला. औषध जरा कमीच द्या, नेताना ओझं नको." डॉक्टर बाईंकडे बघायचे. बाई पाण्याचा पेला पुढे करायच्या.

"आई, त्याच्याकडचा रंग वाळला असेल आता," एकदा बाई म्हणून गेल्या.

"चांगला रंग वेळ घेतो," आई म्हणाली. "तुला काय कळतंय त्यातलं. तुझ्या भिंती बघ."

दादा वर्षातून एकदा यायचा. पाऊण तास. आई त्या दिवशी पहाटे उठून केस विंचरायची आणि तो बसला असताना बाईंना सांगायची, "अगं, त्याला दे की काहीतरी. दमून आलाय." तो गेला की आठ दिवस तिच्या अंगात बळ यायचं. ती शेजारणीला दादाच्या गॅलरीचं वर्णन करायची. त्या गॅलरीत तिने पाऊल ठेवलेलं नव्हतं.

ती गेली तेव्हा दादाने वर्तमानपत्रात चौकट दिली. अखेरपर्यंत मुलाच्या छायेत समाधानाने राहिल्या, असं त्यात होतं. बाईंनी चौकट वाचली, घडी घातली आणि भाजीच्या टोपलीखाली अंथरली. आई असती तर तिने कापून ठेवली असती.

तर बाईंची पद्धत अशी बसून गेली. दार वाजवायचं. आत गेल्यावर गुडघ्यांबद्दल बोलायचं, नळाला पाणी कधी येतं ते विचारायचं, शेजारीण कशी चिंगूस आहे ते ऐकायचं. तासतासभर गप्पा. सातव्या रकान्याचा प्रश्न त्या हळूच, दुसरंच काही विचारल्यासारखा विचारायच्या. उत्तर ठरलेलं असायचं, ते त्या ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या. आणि जिन्यात, खाली उतरताना, पिशवी कठड्यावर टेकवून लिहायच्या, अर्जदार गप्प राहिली.

हे सगळ्या मंत्रालयात एकाच माणसाला ठाऊक होतं. तो म्हणजे टंकलेखक. त्याला सगळे टकटक म्हणायचे. पहिल्या दिवसापासून म्हणायचे, आणि आता मशीन बदलून आवाज न करणारी आली तरी नाव तेच राहिलं. बाईंच्या हस्ताक्षरातले अर्ज तोच उतरवायचा. आठव्या-दहाव्या गप्प बाईनंतर त्याच्या लक्षात आलं. तो काही बोलला नाही. फक्त बाईंना बघितलं की एक भुवई वर करायचा आणि म्हणायचा, "आज किती मुक्या भेटल्या?"

"तू तोंड मिटून टाइप कर."

"बघा, मलाही गप्प लिहून टाका."

असं पंचवीस वर्षं चाललं. आणि एके दिवशी, बाईंच्या निवृत्तीला पाच आठवडे राहिले असताना, चौथ्या मजल्यावर कोणाच्या तरी बढतीचा चहा होता. टकटक रंगात आला होता. उपसचिव शेजारी उभा आहे हे बघूनच तो बोलला असेल. मोठ्या साहेबाला हसवायची संधी कोण सोडतो? कपात बिस्किट बुडवत तो म्हणाला, "आमच्या बाईंचं काय विचारता साहेब! तिकडे गप्पा मारतात आणि इकडे गप्प लिहितात."

सगळे खो खो हसले. उपसचिवही हसला. हसता हसता त्याचा चहा कपातच राहिला.

वेळ वाईट होती. नवा मंत्री आला होता आणि त्याला यादी शुद्ध हवी होती. शुद्ध म्हणजे चौथ्या हिश्शाने लहान. उपसचिव महिनाभर ती कुठून लहान करायची ह्या विवंचनेत होता. दुसऱ्या दिवशी त्याने उत्तर भागाच्या फायली वर मागवल्या. जिवंत असलेल्या आणि मदत घेणाऱ्या बायका चारशे बारा निघाल्या. चारशे बारांच्या सातव्या रकान्यात एकच वाक्य, एकाच वळणाच्या अक्षरात.

टकटक बाईंच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक. "बाई, माझी जीभ झडो."

"झडल्यावर काय उपयोग?" बाई म्हणाल्या. "बस. पाणी पी."

उपसचिवाने त्यांना वर बोलावलं तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. मोठी खोली, न उघडणाऱ्या खिडक्या. तो उठून उभा राहिला, ही त्याची जुनी सवय. बाई त्याला आता अहो-जाहो करायच्या आणि त्याला ते आवडायचं नाही.

"बाई, चारशे बारा?"

"हो, साहेब."

"एकीनेही तोंड उघडलं नाही?"

बाई त्याच्या टेबलावरच्या काचेकडे बघत राहिल्या.

"थांबा, आत्ता उत्तर देऊ नका," तो घाईने म्हणाला. "परवा चौकशी लावलीय, ती लावावीच लागते. मी विचारेन, ह्या अर्जदार गप्प होत्या का? तुम्ही म्हणायचं, हो, होत्या. संपलं. नियम तुमच्या बाजूने आहे. गप्प असेल तर तपासनिसाचं मत चालतं. यादीतलं एक नाव हलणार नाही. मी दुसरा भाग बघेन कापायला."

"दुसऱ्या भागात काय दगड राहतात?"

"बाई, मला सगळ्यांना वाचवता येत नाही. तुम्हाला आलं का?"

बाईंना हसू आलं. पोरगं अजून चुणचुणीत होतं.

"आणि एक," तो खाली बघत म्हणाला. "चौकशीत तुम्ही स्वतः गप्प राहू नका. आमच्याकडे त्याचा अर्थ उलटा होतो. उत्तर दिलं नाही तर आरोप मान्य, असा नियम आहे. मग चारशे बाराही नोंदी रद्द. प्रत्येकीकडे पुन्हा माणूस जाईल, मुलाला समोर उभं करून विचारेल."

मुलाला समोर उभं करून. म्हणजे चारशे बारा वेळा "सांभाळतो".

"म्हणेन मी हो," बाई म्हणाल्या. सव्वीस वर्षं कागदावर लिहिलं ते एकदा तोंडाने म्हणायचं, त्यात जड काय होतं?

"नमुना म्हणून एक अर्जदार बोलवावी लागेल. डोळे मिटून एक फाईल काढलीय. शिवणकाम करायची, आता दिसत नाही म्हणून सोडलंय. घाबरट वाटते. ती काही बोलणार नाही."

बाईंना ती आठवत होती. रेल्वेच्या भिंतीला लागून खोली. गाडी गेली की टेबलावरची बोटाएवढी बाहुली हलायची, तिचा मुलगा लहानपणी खेळायचा ती. घाबरट ती नव्हती. पण बाईंनी ते सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या चौकशीत ती बिचारी भांबावून जाईल, मूग गिळून बसेल, असं त्यांनाही वाटून गेलं. वाटून घेतलं म्हणावं.

परवाच्या सकाळी बाई वेळेच्या आधी पोचल्या. चौकशीच्या खोलीत टकटक मशीन लावून बसला होता, जबाब उतरवायला तोच. त्याने वर बघितलं नाही. उपसचिव आला. मग दार उघडलं आणि शिवणवाली आजी आत आली. आणि एकटी आली नाही.

तिच्या कोपराला धरून एक माणूस होता. चाळिशी उलटलेला, नवा कोट, मानेवर ताजा वस्तरा फिरलेला. मंत्रालयाने आजीच्या पत्त्यावर नोटीस पाठवली होती, त्यात आईला वाऱ्यावर सोडल्याबद्दल कारवाईचं एक वाक्य होतं. ज्याचा पत्ता चौदा वर्षं कोणाला सापडला नव्हता तो ह्या एका वाक्याने सापडला होता. आजीने केस ओले करून चापून बसवले होते. ती चालत नव्हती, मिरवत होती. खुर्चीशी आल्यावर मुलाने खुर्ची ओढून दिली, तेव्हा तिने खोलीतल्या प्रत्येकाकडे एकदा बघून घेतलं. पाहिलंत ना?

हा चेहरा बाईंच्या ओळखीचा होता. वर्षातून एकदा, पाऊण तास.

"आजी," उपसचिव मवाळपणे म्हणाला, "घाबरू नका."

"घाबरायचं काय त्यात? मुलगा आहे ना बरोबर."

"ह्या बाई तुमच्याकडे आल्या होत्या. आठवतं?"

"न आठवायला काय झालं? फार चांगल्या आहेत. तासभर बसल्या. माझ्या डोळ्यांना कसलं पाणी घालायचं ते सांगून गेल्या."

"तेव्हा त्यांनी तुम्हाला विचारलं, मुलगा सांभाळतो का. तुम्ही तेव्हा..." तो थांबला. मग त्याने पुढचे शब्द असे ठेवले, जसा एखादा आंधळ्यापुढे काठी ठेवतो. "तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत. गप्प राहिलात. असं इथे लिहिलंय. बरोबर ना?"

आजीने मुलाकडे बघितलं. मुलगा बुटाच्या टोकाकडे बघत होता.

"गप्प?" ती म्हणाली. "मी?"

"असं लिहिलंय."

"कोणी लिहिलंय? माझ्या तोंडाला काय झालं होतं गप्प बसायला?" तिचा आवाज चढला. "सांभाळतो म्हटलं मी! दोनदा म्हटलं. ह्यांनी विचारलं, मी म्हटलं, सांभाळतो, का नाही सांभाळणार? आणि तुमच्या कागदावर मी गप्प? म्हणजे वाचणाऱ्याला काय वाटेल? की हिचा मुलगा टाकून गेला आणि हिला बोलायला जागा राहिली नाही?"

"आई, जाऊ दे," मुलगा पुटपुटला.

"जाऊ कसं दे? किती वर्षं हे असं लिहून ठेवलंय माझ्या नावावर, आणि मला पत्ता नाही!" ती बाईंकडे वळली. रागाने नव्हे. आपल्याच माणसाला एखादी चूक दाखवावी तशी. "बाई, तुम्हीच सांगा ह्यांना. मी म्हणाले होते ना? लिहायचं राहिलं का तुमच्याकडून?"

टकटकची बोटं मशीनवर थबकली होती.

उपसचिव पुढे झुकला. त्याच्या कपाळावर घाम होता. "बाई, नीट आठवून सांगा. आज मुलगा बसलाय शेजारी म्हणून आजी असं म्हणतायत, हे आम्ही समजू शकतो. तेव्हा त्या गप्प होत्या, हो ना? तेवढंच सांगा. त्या आज खोटं बोलतायत, एवढंच."

त्याने खरंच सगळं सोपं करून ठेवलं होतं. एक "हो" म्हटलं की झालं. चारशे अकरा दारं वाजणार नव्हती. फक्त ह्या एका बाईला, तिच्या मुलासमोर, तोंडावर सांगायचं होतं, की तू खोटं बोलतेस, तो नाही सांभाळत.

बाईंनी तोंड उघडलं. त्यांना वाटलं होतं, सव्वीस वर्षं आपण ह्या बायकांना काहीतरी देत आलो. जिन्यात पिशवी कठड्याला टेकवून, चोरून. आता ही समोर बसलेली विचारत होती, माझं होतं ते कुठे ठेवलंत? चारशे बारा घरांतून त्यांनी एकेक शब्द उचलून आणला होता, आणि तिथल्या कोणाकडेच दुसरा नव्हता.

"बाई?" उपसचिव म्हणाला.

आजी अजून त्यांच्याकडे बघत होती, उत्तर येणारच अशा खात्रीने. मुलाने घड्याळ बघितलं. त्याला कुठे तरी पोचायचं असावं.

"बाई, काहीतरी बोला. नियम माहीत आहे ना तुम्हाला?"

"साहेब," टकटकने अगदी हळू विचारलं, "काय लिहू?"

बाई उठल्या. त्यांनी खुर्ची टेबलाखाली सरकवली, पिशवी खांद्याला लावली. उपसचिवही उठून उभा राहिला, सवयीने. "अगंबाई, रागावल्या का?" आजीने मुलाला विचारलं. बाईंनी दार ओढलं आणि बाकांवर नंबर धरून बसलेल्या बायकांसमोरून त्या जिन्याकडे निघून गेल्या.